चार हात कातळ

सोनखिंड संस्थानात घाटाच्या एका वळणावर रोज बैलगाड्या अडकत. त्या खोळंब्यात एक बाळंतीण वैद्यापर्यंत पोहोचण्याआधीच दगावली, तेव्हा राजाने दरबार भरवला.

दिवाण त्रिंबकरावांनी भला मोठा नकाशा उलगडला. "महाराज, डोंगर फोडून नवा घाट बांधू. बारा वर्षं लागतील, पण अशी वाट त्रिभुवनात नसेल!"

घाटात दगड फोडणारी यल्लव्वा वडारीण दाराशी उभी होती. ती म्हणाली, "महाराज, वळणावर चार हात कातळ पुढं आलाय. तेवढा फोडला की दोन गाड्या शेजारून जातील. आठ दिवसांचं काम."

दिवाण खदाखदा हसले. "संस्थानाचं एवढं मोठं दुखणं आणि औषध चार हात दगड? तुला गं काय कळतं रस्त्यातलं?"

"रस्त्यातलं नसंल कळत, सरकार. पण घशात माशाचा काटा अडकला तर आम्ही काटा काढतो. तुमच्याकडं नवा गळा बसवतात का?"

सगळा दरबार हसला. राजाने काम तिच्यावरच सोपवलं.

नवव्या दिवशी गाड्या न थांबता घाट उतरल्या. दिवाण तेव्हाही नव्या घाटाच्या कोनशिलेवर आपलं नाव केवढ्या अक्षरांत कोरावं, याचाच खल करत बसले होते.