सहस्रतोरणाचे पाणी

पूर्वी क्षीरवती नदीच्या काठी सहस्रतोरण नावाची राजधानी होती. तेथे मेघकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचे अमात्य होते. त्या जन्मी त्यांचे नाव मतिसार. राजाच्या वडिलांच्या वेळेपासून ते दरबारात होते आणि मेघकेतू लहानपणी त्यांच्याच मांडीवर बसून अक्षरे गिरवायला शिकला होता.

त्या काळी सहस्रतोरणाचे नाव निघाले की दूरदेशीचे व्यापारीसुद्धा हात जोडीत. नगरात शिरणाऱ्या प्रत्येक रस्त्यावर दगडी तोरणे उभी होती. गादीवर येणाऱ्या राजाने एक तरी नवे तोरण उभारावे अशी तिथली रीत होती, आणि मेघकेतूने तर आधीच्या सगळ्यांपेक्षा उंच तोरणाचे काम काढले होते. दाईने त्याला झोपवताना याच तोरणांच्या गोष्टी सांगितल्या होत्या. आपण राजा आहोत म्हणजे या नगराचे राजा आहोत, असेच तो मानत आला होता.

एका वर्षी क्षीरवतीला मोठा पूर आला. पूर ओसरला तेव्हा नदी आपल्या जुन्या पात्रात परतलीच नाही. ती पूर्वेला दोन योजने दूर, रानातून वाहू लागली. नगराच्या घाटांपाशी नुसती वाळू उरली. काही दिवस विहिरींवर निभावले. मग विहिरींचे पाणी मचूळ झाले, आणि पुढे चक्क खारट. पोहऱ्याच्या दोरावर मिठाचा पांढरा थर दिसू लागला. गाई आटल्या. घराघरांतून मुलांची पोटे बिघडली.

मतिसार राजाला म्हणाले, "महाराज, नदी गेली तिथे आपणही जाऊ. कोळी तिकडे राहायला गेलेच आहेत, जमीनही चांगली आहे. हळूहळू गाव उभं राहील."

"गाव?" राजा म्हणाला. "अमात्य, ही माझ्या वाडवडिलांची राजधानी आहे. ती सोडून मी कोळ्यांच्या झोपड्यांत दरबार भरवू?"

"पाणी तिथे आहे, महाराज."

"मग विहिरी आणखी खोल खणा. पाणी इथेच लागेल."

विहिरी खोल खणल्या. खालचे पाणी वरच्याहून खारट निघाले. दरबारी मंडळी मात्र राजासमोर नव्या विहिरींचे गोडवे गात राहिली. राजवाड्यासाठी नदीचे पाणी बैलगाड्यांतून येई, त्यामुळे खरी चव काय आहे हे राजाच्या जिभेला कळत नव्हते. पण मेघकेतू मूर्ख नव्हता. तोरणाच्या कामावर गेला की गवंड्यांचे फुटलेले ओठ त्याला दिसत. तो नजर वळवी, आणि घरी येऊन अंथरुणावर तळमळत पडे.

अशात शेजारचा राजा रणंजय मोठी सेना घेऊन निघाल्याची बातमी आली. त्याला खंडणी नको होती, मुलूख नको होता. त्याला सहस्रतोरणाचा स्वामी म्हणवून घ्यायचे होते.

सेनापतीने लढाईचा बेत मांडला. सगळ्यांचे बोलून झाल्यावर मतिसार उठले.

"महाराज, लढलो तर आपली आणि त्यांची असंख्य माणसं मरतील. आणि जिंकलो, तरी आपल्या हाती ह्या खाऱ्या विहिरीच राहतील. त्याला नगर हवं आहे, आपल्याला पाणी हवं आहे. नगर त्याला देऊन टाका."

राजाचा चेहरा लाल झाला. "हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, तर आज तो ह्या दारातून जिवंत बाहेर गेला नसता," एवढेच बोलून तो निघून गेला.

दुपारी तो जेवायला बसला. राणी अंशुमती स्वतः वाढायला आली. पहिल्याच घासाला डाळ दाताखाली कचकचली.

"ही कच्ची आहे," राजा म्हणाला.

"सकाळपासून चुलीवर होती. आज मी गाडीतलं पाणी घेतलं नाही, विहिरीचं घेतलं. ह्या पाण्यात डाळ शिजत नाही, महाराज. सगळं नगर केव्हापासून अशीच डाळ खातं आहे."

राजाने घास कसाबसा गिळला. "मला कुणी सांगितलं नाही."

"अमात्यांनी सांगितलं. आपण ऐकलं नाही."

राजाने पुढचा घास घेतला. राणी हळूच म्हणाली, "माझाही पाय निघत नाही. लग्न होऊन आले ती मी ह्याच तोरणांखालून आले. पण उद्या आपली सून येईल, तिच्या पुढ्यात मला हे पाणी ठेववणार नाही."

राजाने ताटातली सगळी डाळ संपवली. हात धुतले आणि अमात्यांना बोलावणे धाडले. ते आल्यावर म्हणाला, "लोकांना हलवायला सुरुवात करा." मतिसारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते कामाला लागले.

म्हातारी माणसे आणि आजारी मुले गाड्यांत बसवली. कुणी जाते उचलून घेतले, कुणी तुळशीचे रोप. राजा सगळ्यांत शेवटी बाहेर पडला. आपल्याला सर्वांदेखत रडू फुटणार अशी त्याला धास्ती वाटत होती, म्हणून त्याने मागे वळून पाहिले नाही. वाटेत त्याच्या ध्यानात आले की पुढच्या गाड्यांतून बायकांचे बोलणे, हसणे ऐकू येते आहे. नदी दिसताच बैल कुणाला आवरेनात, ते जुवासकट पाण्यात शिरले. मुले त्यांच्या मागे धावली. राजाही गुडघाभर पाण्यात उतरला आणि ओंजळीने पाणी प्याला. छातीवर बसलेले काहीतरी कुणीतरी उचलून बाजूला ठेवावे तसे त्याला झाले. त्या रात्री तो एका कोळ्याच्या ओसरीवर कांबळ्यावर आडवा झाला आणि थेट उन्हे अंगावर आल्यावर उठला.

मतिसार मात्र मागेच राहिले होते. रणंजय आला तेव्हा ते एकटेच महाद्वारात उभे होते.

"राजा, नगर तुझं आहे," ते म्हणाले. "पण ह्यातलं पाणी पिण्याजोगं नाही. विहिरी खारट झाल्या आहेत. म्हणून आम्ही निघून गेलो. सेना इथे ठेवू नकोस."

रणंजय मोठ्याने हसला. "लढायची छाती नाही, म्हणून थापा मारता? असली राजधानी कुणी पाण्यासाठी सोडतं? म्हाताऱ्या, तू इथेच राहा. आम्ही पिऊ तेच पाणी पी."

"राहतो," मतिसार म्हणाले.

रणंजयाने राजवाड्यावर निशाण चढवले आणि उत्सव मांडला. भर उन्हाळा होता. उत्सव संपण्याआधीच सैन्यात हगवण पसरली. घोडे माना टाकू लागले. हत्तींना उभे राहवेना. अशा सेनेला वाळूतून दोन योजने चालून नदी गाठणे शक्य नव्हते, आणि नदीच्या वाटेवर मेघकेतूचे सैनिक पहाऱ्याला होते.

ही खबर ऐकून मेघकेतूचा सेनापती आनंदाने धावत आला. "महाराज, आता तलवार उपसायची गरजच नाही! वाट तेवढी अडवून धरू. थोड्याच दिवसांत सगळे तहानेने मरतील. त्यांचे हत्ती, त्यांचा खजिना, सगळं आपलं."

"आणि अमात्य?"

सेनापतीने खाली पाहिले. "एका माणसाचा प्रश्न आहे, महाराज."

तेवढ्यात पहारेकऱ्यांनी रणंजयाच्या एका सैनिकाला आधार देऊन आणले. पाण्याच्या ओढीने तो नगरातून निसटला होता, आणि निघताना मतिसारांनी त्याच्याजवळ निरोप दिला होता. पाणी पिऊन जिवात जीव आल्यावर तो म्हणाला, "अमात्य म्हणाले, राजाला सांग, माझ्या सुटकेसाठी काही करू नका. पण ही माणसं तहानेली आहेत. ह्यांना पाणी पाठवा."

राजाने नदीकडे पाहिले. ज्याने आपल्याला घराबाहेर काढले, तो आता आपल्या मुठीत होता. मूठ आवळली की वैर संपणार होते, आणि कुणी बोटही दाखवले नसते. पण त्याला तो कच्च्या डाळीचा घास आठवला, आणि त्या नगरात आता कोण काय गिळत असेल हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

"गाड्या जुंपा," तो म्हणाला. "घरात असतील तेवढे रांजण भरा."

"महाराज, हे शत्रू आहेत!"

"माहीत आहे मला. रांजण भरा."

गाड्यांच्या पुढे राजा स्वतः चालला, हत्याराविना. तटावरून रणंजयाने ती रांग पाहिली. त्याचे ओठ काळे पडले होते. "हे विषारी असणार," तो पुटपुटला. खाली उतरून त्याने मतिसारांना पुढे आणवले. त्यांचीही अवस्था वाईट होती, चालताना झोक जात होता. पण त्यांनी पहिल्या गाडीतल्या रांजणात तांब्या बुडवला, घोटभर पाणी पिऊन दाखवले आणि तोच तांब्या रणंजयापुढे धरला.

रणंजयाने दोन्ही हातांनी तो घेतला. पिता पिता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "तू मला पहिल्याच दिवशी खरं सांगितलं होतंस," तो म्हणाला. "मी तुला मरायला इथे ठेवलं. तरी हे पाणी?"

"तू माझं काय केलंस ह्याचा तुझ्या तहानेशी काय संबंध?" मतिसार म्हणाले. "आधी तुझ्या माणसांना पाजू. बोलायला पुष्कळ वेळ आहे."

सैनिक चालते-बोलते होईपर्यंत गाड्यांची ये-जा सुरू राहिली. निघताना रणंजयाने मेघकेतूचे पाय धरले. "तुझं नगर तुला परत देतो," तो म्हणाला.

मेघकेतूने वर पाहिले. त्याचे अर्धवट तोरण उन्हात उभे होते. आपल्याला वाईट वाटेल म्हणून तो क्षणभर थांबला, पण तसे काही वाटले नाही. "नको," तो हसून म्हणाला. "आता मला ते पेलायचं नाही." मतिसारांना त्याने आपल्या हातांनी गाडीत बसवले आणि पाणी पाजत पाजत नदीवर नेले.

पुढे नदीकाठीच राज्य चालले. घरे साधी होती, डाळ नीट शिजत होती. सहस्रतोरणाचे दरवाजे लोकांनी होड्यांसाठी आणले. तोरणे एकेक करून ढासळली, त्यांवर बाभळी माजल्या. पुष्कळ वर्षांनी राजा आणि मतिसार त्या वाटेने जात असता शेळ्या चारणाऱ्या एका बाईला राजाने विचारले, "बाई, इथे एक मोठं नगर होतं ना?"

"नगर?" ती म्हणाली. "मला नाही बाई ठाऊक. दगड आहेत नुसते. पण शेळ्यांना पाला चांगला मिळतो."

राजाने मतिसारांकडे पाहिले, आणि दोघेही म्हातारे पोट धरून हसले.

एवढे सांगून शास्त्यांनी, संघाच्या गुरूंनी, समोर बसलेल्या भिक्षूंकडे पाहिले. त्यांतल्या नंदिसेन नावाच्या भिक्षूला त्या सकाळी वाटेत आपल्या जन्मनगरीचा पडका तट दिसला होता, आणि तेव्हापासून त्याचे चित्त थाऱ्यावर नव्हते. शास्ते म्हणाले, "नंदिसेना, नगर सोडून जाण्याची तुझी ही पहिली वेळ नव्हे. त्या वेळचा मेघकेतू राजा तूच होतास, आणि तेव्हा तू हसला होतास. राणी अंशुमती म्हणजे आज आपल्याला भिक्षा वाढणारी उपासिका रोहिका. रणंजय म्हणजे कालच शस्त्र खाली ठेवून संघात आलेला सिंहरथ. आणि अमात्य मतिसार मीच होतो. भिक्षूंनो, नगर सोडणे हा त्याग होता. पण ज्याने ते घेतले त्याला पाणी पाजणे, ही मैत्री. त्यागाहून ती मोठी."

नंदिसेनाने डोळे पुसले. त्याच्या शेजारी सिंहरथ बसला होता. त्याने हात जोडले, आणि नंदिसेनाने ते आपल्या हातांत घेतले.