बिनरंगाचं पागोटं

रंगारआळीचा हौद फुटला आणि आळीच्या तोंडचं पाणी पळालं. हौद कसला, बांधून चार वर्षंही झाली नव्हती! आळीतल्या चाळीस घरांची चूल त्यावर पेटायची. आता कापड बुडवायचं कशात?

बांधणारा मक्तेदार तर काशीला गेला आणि तिथेच वारला. पण मरण्याआधी त्याने एक शहाणपण केलं होतं. नागोशेट सावकाराकडून हौदाचा विमा उतरवून घेतला होता. त्याच्या बदल्यात आळीने दर दसऱ्याला शेटला एक कुसुंबी पागोटं द्यायचं, ते चारही दसऱ्यांना न चुकता दिलं होतं. आता हौद कोणत्या कारणाने फुटला तर शेट बांधून देणार, किती वर्षांपर्यंत देणार, हे सगळं कागदात होतं. आणि कागद होता शेटच्या लोखंडी पेटीत! आळीकडे नक्कलसुद्धा नव्हती. "आमचे हात सदा ओले नि रंगाचे, कागद डागाळेल. तुमच्याकडेच राहू द्या शेटजी," असं या भल्या माणसांनीच सांगितलेलं. घ्या आता!

धोंडजी रंगाऱ्याची मुलगी भिवरा शेटच्या पेढीवर गेली. "शेटजी, तेवढा कागद वाचून दाखवा."

"आधी दरबारात दावा लाव पोरी, मग दाखवतो," शेट पान चघळत म्हणाला.

त्याला ठाऊक होतं की आळी दावा लावायला धजणार नाही. राजा उदयभानाचा कायदाच तसा होता. खोट्या दाव्यांना तो इतका विटला होता की, जो दावा हरेल त्याने बिऱ्हाड उचलून वेशीबाहेर जायचं, असं त्याने ठरवून टाकलं होतं. कागदात काय आहे हे न बघता चाळीस घरं पणाला कोण लावणार?

भिवरा थेट राजापुढे उभी राहिली. "महाराज, कागद आधी बघू द्या. आमच्या बाजूचा असेल तर दावा लावू, नसेल तर गप्प बसू. उगाच तुमचाही वेळ जायला नको."

"दावा आधी, कागद मग," राजा म्हणाला. "माझा नियम आहे."

"पण महाराज, विहिरीत पाणी आहे की नाही ते बघायला आधी उडी कशी मारायची?"

दरबारी हसले. राजाला ते झोंबलं. तो हट्टाला पेटला. "फार शहाणी आहेस ना? मग ऐक. तुम्ही दावा लावायचा नाही, चोरी करायची नाही, मी हुकूम देणार नाही. तरी नागोशेटने स्वतःच्या हाताने पेटी उघडून तो कागद इथे आणला पाहिजे. दसऱ्यापर्यंत करून दाखव, मी नियम बदलतो. नाही जमलं तर पुन्हा हौदाचं नाव काढायचं नाही."

भिवरा घरी आली ती बापाला म्हणाली, "आबा, यंदा शेटला पागोटं द्यायचं नाही."

धोंडजी घाबरला. "अगं, शेट खवळेल."

"खवळू दे की. मला तेच हवंय."

दसरा उजाडला. नागोशेट न्हाऊन-माखून ओट्यावर येऊन बसला. दरवर्षी नवं कुसुंबी पागोटं घालून तो राजाच्या मिरवणुकीत पहिल्या रांगेत मिरवायचा. दोन घटका गेल्या, चार गेल्या, पागोट्याचा पत्ता नाही. शेजारीपाजारी विचारू लागले, "काय शेट, यंदा बोडक्यानेच का?" शेटच्या अंगाची लाही झाली. तो तरातरा आळीत गेला.

"माझं पागोटं कुठाय?"

"कसलं पागोटं?" भिवराने विचारलं.

"विम्याचं! हौदाच्या विम्याचं!"

"असेल बाई काहीतरी. आम्ही तो कागद कधी पाहिलाच नाही. नसलेल्या विम्याचं पागोटं कोण देतं?"

शेटला मान प्यारा. तो तणतणत दसऱ्याच्या दरबारात गेला आणि ओरडला, "महाराज, रंगारआळीवर माझा दावा आहे! ठरलेलं पागोटं बुडवतात!"

मागोमाग काखेत गाठोडं मारून भिवरा आलीच. ती हात जोडून म्हणाली, "महाराज, दावा आधी झाला. आता कागद?"

राजा दचकला, मग मिशीत हसला. "खरंच की. शेट, हा माझा हुकूम नाही, नियमच आहे. दावा लावलात, आता कागद दाखवायला हवा."

शेटचं तोंड पडलं. "महाराज, मी दावा मागे घेतो..."

"मागे घेतला म्हणजे हरलात. वेस कुठल्या बाजूला आहे, माहीत आहे ना?"

काय करतो बिचारा! गेला, पेटी उघडली, कागद आणला. कारकुनाने खणखणीत वाचला: "हौद बारा वर्षांच्या आत कोणत्याही कारणे भंगल्यास नागोशेट यांनी पदरखर्चाने बांधून द्यावा. आळीने दर दसऱ्यास सूर्यास्ताच्या आत एक कुसुंबी पागोटे द्यावे. न दिल्यास विमा रद्द."

शेवटचं वाक्य ऐकलं आणि शेटच्या जिवात जीव आला. "ऐकलंत? यंदा पागोटं दिलं नाही. विमा रद्द!"

"सूर्य अजून डोक्यावर आहे शेटजी," म्हणत भिवराने गाठोडं सोडलं आणि पागोटं पुढे केलं. कोरं, पांढरंशुभ्र.

"हे पांढरं आहे! कागदात कुसुंबी लिहिलंय!"

"माहीत आहे. पण तुमच्या विम्याचा हौद फुटलाय, मी रंगवू कशात? सूर्य मावळायच्या आत हौद बांधून, पाण्याने भरून द्या. लगेच कुसुंबी करून देते."

राजा इतका हसला की, त्याच्या डोक्यावरचा मंदिल कानावर आला. "शेट, पागोटं मिळालं, दावा मिटला, वेशीबाहेर कुणी जायला नको. घाला ते पांढरंच आणि चला मिरवणुकीत! उद्यापासून हौदाचं काम सुरू करा."

त्याच दिवशी दवंडी पिटली गेली की, ज्याचं बांधकाम पडेल त्याने विम्याचा कागद आधी बघावा आणि दावा लावायचा की नाही ते मग ठरवावं. राजवाड्याच्या साऱ्या निशाणांचं रंगकाम रंगारआळीला मिळालं. आणि राजाने आपल्या हातातलं सोन्याचं कडं काढून भिवराच्या निळ्या-तांबड्या हातात घातलं.