निंबळगडचं चकचकीत सॉकेट

“हे काळं ध्यान उद्यापासून माझ्या मोटारखान्यात दिसता कामा नये!”

निंबळगडचे राजेसाहेब गरजले आणि मिस्त्री दस्तगीर शिकलगार दचकून मागं सरला. ध्यान म्हणजे आपणच, असं त्याला वाटलं. रंगानं काळा, अंगानं जाड, दिसायला ओबडधोबड. वर्णन तर तंतोतंत जुळत होतं!

पण राजेसाहेबांचं बोट होतं फळीवरच्या काळ्या सॉकेटांकडे. चाकांच्या नटांवर टोपीसारखी बसवून ते खोलायला दस्तगीर तीच वापरायचा.

निंबळगड संस्थान केव्हाच खालसा झालं होतं. राजेसाहेबांचा हट्ट खालसा करायला मात्र अजून कुणी आलं नव्हतं. शहरातल्या प्रदर्शनातून त्यांनी क्रोमची सॉकेटं आणली होती. मखमली पेटीत, आरशासारखी लखलखीत! सोबत नट सोडवायची, हवेवर चालणारी नवी गन. रविवारी आसपासचे जुने संस्थानिक त्यांच्या मोटारी बघायला यायचे होते.

“रविवारी सगळ्यांसमोर या गनला हे चकचकीत सॉकेट लावायचं आणि शिकारी जीपचं चाक काढायचं!”

दस्तगीर हात जोडून म्हणाला, “सरकार, ही गन नुसती फिरवत नाही, घणासारखी ठोकतेही. क्रोमचं सॉकेट कडक आणि पातळ, ते हातानं चालवायचं. गनचे ठोके बसले की तडकतं. कपची उडून कुणाचा डोळा जाईल! ठोके सोसायला काळंच पाहिजे, जाड अंगाचं.”

“पोलाद फुटतं म्हणे! मडकं आहे का ते?”

“मडकं परवडलं सरकार. ते फुटून खाली पडतं, तोंडावर येत नाही.”

“गप! काळं सॉकेट दिसलं तर नोकरी गेली. चकचकीत सॉकेटाला तडा गेला तरी गेली. आणि चाक निघालं नाही, तरीही गेली!”

घरी जाता जाता दस्तगीरनं स्वतःकडे एकदा नीट बघितलं. शूर असता, तर त्यानं नोकरी तोंडावर फेकली असती. हुशार असता, तर या धंद्यात आलाच नसता. उरला भित्रेपणा. त्याबाबतीत मात्र पंचक्रोशीत त्याच्या तोडीचं कुणी नव्हतं!

“गननं ठोकू नये, एवढंच मला पाहिजे,” तो पुटपुटला. “गन ठोकते कधी? नट अडला की. आणि नट अडलाच नाही तर?”

तो रस्त्यातच थबकला. आपल्या डोक्यातून एवढं निघालं, याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

रविवारी मोटारखान्यासमोर खुर्च्या मांडल्या. दस्तगीर डोळ्यांवर जाड चष्मा आणि डोक्यावर हेल्मेट चढवून आला, तशी पाहुण्यांत खसखस पिकली.

“सरकार, हुकूम परत एकदा सांगा. माझं डोकं जरा जड आहे.”

“गनला चकचकीत सॉकेट लाव, नट काढ, सॉकेट शाबूत ठेव!”

“आणि त्याआधी काही करायला बंदी?”

“कसली बंदी? चल, आटप!”

दस्तगीरनं चकचकीत सॉकेट आधी लांब दांड्याला लावलं, नटावर बसवलं, दांड्यावर पाइप चढवला आणि सगळं पोट त्यावर टाकून हळूच रेटा दिला. करकरत नट ढिला झाला. मग दुसरा. असे सगळेच. मग त्यानं जीप जॅकवर उचलली, तेच सॉकेट गनला लावलं आणि खटका अलगद दाबला. भुर्र! भुर्र! ढिले नट भराभर फिरत बाहेर आले. चाक निघालं. सॉकेटावर ओरखडासुद्धा नाही! पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

राजेसाहेब उसळले, “लबाडा! नट तर तू हातानंच सोडवलेस! मग गननं काय केलं?”

“सरकार, मोठी माणसं समारंभात करतात तेच. काम आधीच झालेलं असतं, ती येऊन फीत कापतात!”

पाहुण्यांतले निम्मेजण परवाच कुठली ना कुठली फीत कापून आले होते. ते मिशीतल्या मिशीत हसले. राजेसाहेबांचे कान लाल झाले.

“मला शिकवतोस? आता दुसरं चाक! गन थेट घट्ट नटावर लाव!”

दस्तगीरनं चष्मा आणि हेल्मेट काढून अदबीनं पुढं धरलं. “जशी आज्ञा. पण पहिला मान सरकारांचा. मी भित्रा माणूस, त्या आंब्याच्या आडून बघतो.”

राजेसाहेबांनी ताठ्यात गन उचलली. पुढच्या रांगेतल्या खुर्च्या करकरत मागं सरकल्या. एक वृद्ध राणीसाहेब पदर सावरत उठल्या, “जरा थांबा हं राजेसाहेब, आम्ही आधी आत जातो!”

गन खाली आली. आवाजही खाली आला. “मग मी हौसेनं आणलेली सॉकेटं काय भंगारात घालू?”

“छे छे, सरकार! इंजिनाच्या सांदीकोपऱ्यात काळं सॉकेट माझ्यासारखंच, शिरतच नाही. तिथं ही बारीक अंगाचीच हवीत, हातानं फिरवायला. वाड्यात चांदीचं पानदान आहे आणि काळा खलबत्ताही आहे. पानदानात कुणी मसाला कुटत नाही, अन् खलबत्त्यातून पाहुण्यांना विडा देत नाही!”

राजेसाहेब असे खदखदून हसले की, फेटा कपाळावर आला. “शाब्बास! आणा रे ती काळी सॉकेटं परत! दस्तगीर, आजपासून मोटारखान्यात तुझाच हुकूम. आणि असा जीपला टेकून का उभा आहेस? पुढं ये, माग काय हवं ते!”

“पुढं येता येत नाही, सरकार,” दस्तगीर लाजून म्हणाला. “दांड्यावर पोट टाकलं, तेव्हा नटाच्या आधी माझ्या पँटची मागची शिवण सुटली. एक पँट मिळाली तर बरं होईल!”

राजेसाहेबांच्या डोळ्यांत हसता हसता पाणी आलं. त्यांनी खांद्यावरचा जरीचा शेला काढला आणि सगळ्या संस्थानिकांच्या देखत, स्वतःच्या हातांनी, दस्तगीरच्या कमरेला गुंडाळला.