फुलावरची न दिसणारी खूण

कोणत्या राजाचं राज्य होतं हे आता कुणाला आठवत नाही, इतक्या पूर्वी एका खोऱ्यात भानजी नावाचा रंगारी राहत होता. एकट्या पिवळ्या रंगाच्या वीस छटा तो नुसत्या नजरेने वेगळ्या करी. राजवाड्यातले शेले त्याच्याच हातचे.

खोऱ्यातले लोक एका पिवळ्या फुलाच्या बियांवर जगत. बियांचंच तेल, बियांचीच भाकरी. ते बी एक वर्षच टिके. म्हणून दर वर्षी शेतं फुलत, डोंगराच्या कड्यावरच्या मधमाश्या फुलाफुलावर बसत आणि नवं बी धरे.

एके वर्षी ऐन बहरात राणी खोरं बघायला येणार असं ठरलं. प्रधान भानजीला म्हणाला, "फुलं फिकी वाटतात. राणीसाहेबांना ती सोन्यासारखी दिसली पाहिजेत."

भानजीने झाडांच्या साली उकळून पातळ रंग काढला. साऱ्या गावाने कापसाच्या बोळ्यांनी पाकळ्या रंगवल्या. खोरं झळाळून उठलं.

तिसऱ्या दिवशी एक मधमाशी भानजीच्या मनगटावर येऊन बसली. तिच्यात उडायचं त्राण नव्हतं.

"रंगारीदादा, रंग धुऊन टाका," ती म्हणाली. "पाकळीच्या बुडाशी गडद खूण असते. तिच्यावरून आम्हाला मधाची जागा कळते. ती तुमच्या रंगाखाली गेली. आम्ही नुसत्या घिरट्या घालतो आणि उपाशी परततो."

भानजी हसला. "या पाकळीवर खूण? आणि ती माझ्या नजरेतून सुटली?"

"उन्हात एक असाही उजेड असतो, जो माणसाला दिसत नाही. खूण त्या उजेडात दिसते."

"मला दिसत नाही असा रंगच नाही," भानजी म्हणाला आणि त्याने हात झटकला.

शेजारच्या शेतातल्या म्हाताऱ्या गोदाक्काने हे ऐकलं. ती घागर घेऊन निघाली. "भानजी, माझ्या शेतातली फुलं तरी धुऊ दे रे. बी धरलं नाही तर खायचं काय?"

"आक्का, तुझं शेत राणीच्या वाटेवर आहे. एक पट्टा फिका दिसला तर माझी अब्रू जाईल." त्याने तिच्या हातातली घागर काढून घेतली. म्हातारी बांधावर बसून राहिली.

राणी आली, खूश झाली, भानजीच्या हातात सोन्याचं कडं घालून गेली.

मग फुलं गळली. लोकांनी बोंडं फोडली, तर आत नुसता भुसा. डोंगराच्या कड्याखाली मेलेल्या मधमाश्यांचा थर साचला होता. भानजीने तो पाहिला आणि त्याला उमगलं, मधमाशी खरं बोलली होती.

कडं विकून त्याने धान्य आणलं. ते महिनाभर पुरलं. एकेक घर खोरं सोडून गेलं. गोदाक्काला चालवत नव्हतं. ती थंडीत गेली, तेव्हा खांदा द्यायला गावात चार माणसंही उरली नव्हती. भानजीने तिला पाठीवर घेऊन नदीपर्यंत नेलं.

पुढच्या वर्षी शेतांत गवत माजलं. ते पिवळं फूल पुन्हा कुणी पाहिलं नाही.

म्हणून, आपल्याला दिसत नाही ते नाहीच असं ठरवण्याआधी, ज्याला ते दिसतं त्याचं ऐकावं.