शाई वाळेपर्यंत

एकदा एक वृद्ध गृहस्थ आपल्या गावी जुन्या वस्तूंच्या विक्रीची तयारी करीत होते. सारा गाव त्यांना आप्पा म्हणे. ही विक्री ते दरवर्षी धर्मशाळेत भरवीत. लोकांनी घरातली नको असलेली वस्तू आणून ठेवायची, आप्पांनी तिला किमतीची चिठ्ठी बांधायची. वस्तू खपली की पैसे ज्याचे त्याला, त्यातला थोडा भाग धर्मशाळेला.

आप्पा प्रत्येक चिठ्ठी टाक दौतीत बुडवून लिहीत. लोक रांगेत ताटकळत, मनातल्या मनात चरफडत. या वर्षी आप्पांचा हात फारच थरथरू लागला, म्हणून ते काम त्यांच्या शिष्याकडे आले. शिष्य काही कोवळा पोर नव्हता. चाळिशी ओलांडलेला, हुशार माणूस, नाव विश्राम. त्याने छपाईचे यंत्र आणले. नंबर, वस्तू, किंमत. बटण दाबले की चिठ्ठी बाहेर. रांग म्हणून उरली नाही. लोक खूश झाले. झटपट काही झाले की आपण खूश होतोच, त्यात नवल ते काय?

विक्रीच्या सकाळी आप्पा मांडलेल्या वस्तू पाहत फिरले. एका लोखंडी तव्यापाशी ते थांबले. तवा काळाभोर, रोजच्या वापराने मध्ये गुळगुळीत झालेला.

"विश्राम, हा आणला तेव्हा याला पीठ चिकटलेलं होतं का रे?"

"होतं, आप्पा. मीच घासून घेतला. म्हटलं, भाव बरा येईल."

"कुणी आणला?"

"एकशे सात नंबर."

"नंबर नको. माणूस सांग."

विश्रामने यंत्रात पाहिले. "वेणूबाई. तेल्याच्या बोळात राहतात. महिन्यापूर्वी, वस्तू घ्यायला बसलो त्या पहिल्याच दिवशी आल्या होत्या. किंमत विचारली, तर लावा काहीतरी म्हणाल्या."

आप्पांनी चिठ्ठी तोडून टाकली, तवा काखोटीला मारला, पायात वहाणा सरकवल्या आणि निघाले. दारात गिऱ्हाइकांची गर्दी उभी होती. विश्राम मागे धावला. "आप्पा, विक्री उघडायचीय. एका तव्यासाठी काय हे?" आप्पांनी वळूनही पाहिले नाही.

वेणूबाईंच्या दाराची कडी उखडलेली होती. पायरीवर शेजारीण बसली होती. तिने तवा ओळखला आणि पदर तोंडाला लावला.

"काल गेल्या हो. दार आम्हीच तोडलं. अन्न सोडलं होतं त्यांनी. मालक वारले तेव्हापासून म्हणायच्या, एकटीसाठी काय रांधायचं? आम्हाला वाटलं, बोलायची रीत असते एकेकाची."

विश्रामने आप्पांच्या काखेतला तवा आपल्याकडे घेतला आणि दोघे परत निघाले. मग विश्राम म्हणाला, "आप्पा, मला कसं कळावं? माणसं केवढी येत होती."

"माणसं दरवर्षीच येतात," आप्पा म्हणाले. "तुला वाटलं, म्हातारा सावकाश लिहितो. अरे, लिहून तर लगेच व्हायचं. शाई वाळायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ माणूस माझ्यासमोर उभा असायचा. मी प्रत्येकाला एकच विचारायचो, याच्या जागी आता काय वापरणार? कपाट आणणारा सांगायचा, नवं घेतलंय. पाळणा आणणारी हसून म्हणायची, आता पुरे. तवा आणणारीने काय सांगितलं असतं? काही सांगितलं नसतं तरी मला कळलं असतं. अडगळ विकायला निघालेला माणूस वेगळा आणि जेवण विकायला निघालेला वेगळा. तू वस्तूची किंमत बरोबर लावलीस, विश्राम. माणूस समोर होता, तो तेवढा पाहायचा राहिला."

धर्मशाळेच्या दारात वहाणा काढता काढता ते पुन्हा म्हणाले, "आणि माझी खुर्ची तुला देताना हे सांगायला हवं होतं, ते मी सांगितलं नाही."

तवा त्या वर्षी विकला गेला नाही. विश्रामने तो आपल्या टेबलावर ठेवून घेतला.

पुढच्या वर्षी यंत्र तेच होते, पण रांग पुन्हा लांबली. बटण दाबल्यावर चिठ्ठी बाहेर येई, आणि विश्राम ती लगेच बांधत नसे. छापलेली अक्षरे वाळवावी लागत नाहीत, हे त्याला पक्के ठाऊक होते. तरी तो चिठ्ठी हातात धरून हळूहळू फुंकर घाली आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहत विचारी, "याच्या जागी आता काय वापरणार?"