आढ्याकडे पाहणारी सून

फार फार वर्षांपूर्वी डोंगराच्या कुशीत पंचवीस उंबऱ्यांचे एक गाव होते. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर मान वर करून आढ्याकडे पाहायचे नाही, अशी त्या गावाची रीत होती. आढे म्हणजे छपराचा कणा. जो त्याच्याकडे पाहील, तो ते घर पडावे असे मनात आणतो, असे तिथे मानत. त्यामुळे माणसे परक्या घरात जमिनीकडे बघून बोलत. कोणाचे सारवण कसे, हे मात्र सगळ्यांना तोंडपाठ असे.

या गावात दोन नद्यांपलीकडून एक नवी सून आली. तिचा नवरा कासार. तो बांगड्या घेऊन गावोगाव फिरे आणि महिन्यातले आठ दिवस घरी असे. संसार मांडला होता चुलत सासऱ्यांच्या पडवीत. तिची बोली वेगळी. पाणवठ्यावर ती काही बोलली, की बायका पदरात तोंड लपवून हसत. मग तिने बोलणेच सोडले. तोंड मिटले, की डोळ्यांना काम लागते.

एके दिवशी चुलत सासऱ्यांनी या दोघांसाठी एक जुने घर शोधले. मालक म्हातारा, एकटा, आता लेकीकडे जायला निघालेला. भिंतींना ताजा चुना होता, खांबांना ताजा गेरू होता. भटजींनी दिशा पाहिल्या, दार मोजले, दशमीचा मुहूर्त काढला.

घर बघायला सगळे गेले, तेव्हा सून नवऱ्याच्या मागे उभी होती. म्हाताऱ्याची चूल ओसरीवर, अंथरूणही ओसरीवर. आणि माजघराच्या दारात कोळ्याचे जाळे, या चौकटीपासून त्या चौकटीपर्यंत, अखंड. एवढे मोठे घर आणि माणूस राहतो दारात!

तिने मान वर केली.

"शिव शिव!" भटजी म्हणाले.

"सूनबाई," चुलत सासरे गरजले, "लोकांच्या आढ्याकडे बघतेस? हेच शिकवलं माहेरी?"

"आमच्याकडे आधी तेच बघतात, मामंजी. सुताराला बोलावून खांब ठोकून घेतात."

नवरा आपल्या पायांकडे बघत राहिला. चुलत सासऱ्यांनी म्हाताऱ्याच्या हातावर नारळ ठेवला आणि घर घेण्याचा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी नवरा फेरीवर गेला. आता पाणवठ्यावर हसणेही बंद झाले. ती आली, की बायका कळशी अर्धी भरलेली असली तरी उचलून चालू लागत. दिवसभरात तिच्याशी बोले तो फक्त रहाट.

चौथ्या दिवशी ती एकटीच म्हाताऱ्याकडे गेली. त्याने गडबडीने घोंगडी अंथरली. त्या ओसरीवर कोणी बसल्याला वर्षे झाली होती.

"आजोबा, तुम्ही आत का निजत नाही?"

म्हाताऱ्याने माजघराच्या दाराकडे पाहिले. "पाच पावसाळे झाले. वारा सुटला की मधला खांब कुरकुरतो. भीती वाटते."

"मग सांगितलं का नाही?"

"आढ्याचं बोलायचं नसतं इथे. आणि पोरी, विचारलं कोणी? तूच पहिली."

"गेरू मात्र कोणी न विचारता लागला," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने मान खाली घातली.

ती शेजारच्या गावाहून एका जाणत्या सुताराला घेऊन आली. त्याने मधल्या खांबावर टिचकी मारली, कान लावला, मग टोच्या दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. भुसा भुरुभुरु गळू लागला.

"बाई, आत नुसती वाळवी आहे," सुतार म्हणाला. "वर आढ्यातही तीच. हे घर सवयीने उभं आहे."

नवरा परतल्यावर तिने त्याला ते भोक दाखवले. त्याने आत बोट घातले, मग आयुष्यात पहिल्यांदा परक्या घरात मान वर केली. "हे घर आपल्याला नको," तो म्हणाला.

"म्हणजे सुनेच्या बोलण्यावर मी शब्द फिरवू?" चुलत सासरे लाल झाले. "मीच घेतो ते घर. आणि तुम्ही आमची पडवी सोडा!"

"घ्या, मामंजी, पण खांब बदलून घ्या," ती हात जोडून म्हणाली. कोणी ऐकले नाही.

दोघांनी गावाबाहेर कुडाची झोपडी बांधली.

दशमीला वाजतगाजत वास्तुशांत झाली. अंगणात पंगत बसली. वारा सुटला होता. चुलत सासरे तुपाचे भांडे आणायला माजघरात गेले आणि मधला खांब बसला. छप्पर खाली आले. लोकांनी त्यांना ओढून काढले. जीव वाचला, पण एक पाय कायमचा गेला.

झोपडीपर्यंत आवाज आला, तशी ती धावत गेली. अंगणात धूळ होती. सगळे तिच्याकडे वळून बघत होते.

"हिनेच पाहिलं होतं वर," कोणीतरी म्हणाले. "म्हणून पडलं."

पदर फाडून तिने जखमी पाय बांधला आणि आली तशी एकटी परत गेली.

तात्पर्य : घर नजरेने पडत नाही, वाळवीने पडते, म्हणून जुने घर घेण्याआधी जाणत्याकडून त्याचे खांब-आढे तपासून घ्यावे, आणि दोष दाखवणाऱ्यालाच दोषी धरू नये.