फेसाचा मुकुट

सरका जरा. गोधडी ओढू नका, तिघांना पुरते. हं, ऐका.

एकदा काय झालं, समुद्रात दोन बेटं होती. राज्य एक आणि ये-जा करायला नावही एकच. दुसरी कुठली नाव त्या पाण्यात घातली की बुडायची. आणि राज्याचं सिंहासन त्या नावेच्या लाकडातूनच उगवलेलं, बरं का! जो बसेल त्याच्या डोक्यावर फेसाचा मुकुट चढायचा. उठला की मुकुट विरला, राज्य गेलं.

वल्ही दोन. ती राजघराण्याच्या हातालाच हलायची. म्हातारा राजा बसायचा आणि त्याचे तिघे मुलगे पाळीपाळीनं वल्हवायचे. मग राजा वारला. थोरला धावत जाऊन सिंहासनावर बसला.

अल्याडच्या किनाऱ्याला पोवळी नावाची नवी नवरी होती. तिचं माहेर पल्याडच्या बेटावर. तिकडे आई रोज सकाळी दोन माडांच्या मधे पिवळं लुगडं वाळत घालायची. ते हललं की पोवळी म्हणायची, आई बरी आहे. आणि कामाला लागायची.

एक दिवस ती गाठोडं घेऊन धक्क्यावर गेली. "राजे, नाव सोडा."

"मी सोडीन गं. हे दोघे वल्ही धरतील तर ना!"

भाऊ म्हणाले, "त्याचं राज्य आम्ही का ओढायचं?"

मग थोरल्याला शिंक आली. अशी, की तो उठलाच. लगेच मधला बसला. ढोल वाजले, हुकूम निघाले. नाव धक्क्यालाच. मग मधल्याला खेकडा चावला. धाकटा बसला. पुन्हा ढोल, पुन्हा हुकूम. नाव धक्क्यालाच.

पोवळी परत आली की सासूबाई म्हणायच्या, "सूनबाई, गाठोडं सोडूच नकोस. राजा बदलला की पुन्हा बांधायचा त्रास."

मग एका सकाळी माडांच्या मधे लुगडं नव्हतं.

पोवळी धावत सुटली. नावेत चढली आणि तळाशी बसली. "आज मी उतरणार नाही."

धाकटा राजा भुकेनं वाळला होता. पण जेवायला उठला तर राज्य जायचं, उठणार कसा?

"राजे, असं करा," पोवळी म्हणाली. "या किनाऱ्यापासून त्या किनाऱ्यापर्यंत एकाचं राज्य. नाव टेकली की त्यानं उठायचं, जेवायचं. दुसऱ्यानं बसायचं. गेलेली पाळी फिरून येईल."

मधल्यानं विचारलं, "म्हणजे पल्याड पोचल्याशिवाय माझी पाळी नाही?"

"नाही."

"मग धर वल्हं, दादा! बघतोस काय!"

आणि नाव अशी निघाली म्हणता, मासे मागे राहिले!

आई तापानं पडली होती. पोवळीनं पेज केली, डोकं चेपलं, उशाशी बसली. ताप उतरला. मग दोघींनी मिळून पिवळं लुगडं वाळत घातलं.

घालता घालता पोवळीची नजर समुद्रापार गेली. तिकडे सासरच्या परसात हिरवं लुगडं हलत होतं. सासूबाई कधी बोलून दाखवायच्या नाहीत हो.

"काय बघतेस गं?" आई म्हणाली.

"काही नाही," पोवळी म्हणाली. आणि बघत राहिली.

नाव ये-जा करू लागली. तिघांना राज्य मिळालं, तिघांना जेवण मिळालं, पोवळीला दोन्ही किनारे मिळाले. सगळे सुखात राहिले.

आता सांगा, मधे निजायची पाळी आज कुणाची? मग कालच्यानं सरकायचं. मिटा डोळे.